मोटारीचा रंग आणि पांढरपेशांची अब्रू

परप्रांती बदलून गेलेल्या मराठी नोकरदाराच्या सभ्यतेविषयीच्या कल्पना मोठ्या चमत्कारिक असतात. त्याने संध्याकाळी पेटी वाजवावी, गणेशोत्सवात नाटक बसवावे, नाटकापुरता तोंडाला रंग फासून रंगमंचावर उड्या माराव्यात. यांत कोणासही वावगे वाटत नाही. परंतु त्याच गृहस्थाने सुटीच्या दिवशी बाह्या सरसावून आपल्या मोटारीला स्वतःच्या हाताने रंग देण्याचे मनात आणले, की साऱ्या वसाहतीत कुजबुज सुरू होते. जणू त्याने कचेरीची तिजोरीच फोडली आहे! या कुजबुजीत जे तीन आक्षेप घेतले जातात, त्यांचा एकदा नीट समाचार घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वस्तुस्थिती अशी. आमच्या ताब्यात दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, चौदा वर्षे वयाची एक लहान मोटार आहे. तिच्या टपावरील चकाकीचा थर उन्हाने सोलवटून पापुद्रे सुटले होते आणि डाव्या दाराच्या तळाशी गंजाने घर केले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीतील ज्या वसाहतीत आम्ही बिऱ्हाड केले आहे, तिथल्या खांबांखालच्या वाहनतळात आम्ही सलग काही रविवार वॉटर पेपर, पाण्याची बादली आणि पुट्टीचा डबा घेऊन बसलो. तेवढ्यावर वसाहतीच्या मंडळाची सूचना फलकावर लागली, आणि आमच्याच भाषेच्या स्नेह्यांनी आम्हांला तीन प्रकारे उपदेश केला. पहिला उपदेश अब्रूचा: सरकारी माणसाला हे शोभत नाही. दुसरा हिशोबाचा: एवढ्या वेळात तुम्ही काय मिळविणार? तिसरा सुरक्षिततेचा: रंगाचा धूर विषारी असतो, तो घरी कशाला? पहिला आक्षेप आम्हांला सर्वस्वी अमान्य आहे. दुसरा चुकीच्या बेरजेवर उभा आहे. तिसरा मात्र खरा आहे. आणि तो खरा असल्यामुळेच तो घेणाऱ्यांवर उलटतो.

आधी स्थळाविषयी दोन शब्द. ज्या भूमीवर हा वाद झाला ती काही जुनी नगरी नव्हे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर या खेड्यांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर कर्नाटक राज्याच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७८ साली ही वसाहत आखली. रा. कृ. बाळिगा यांनी तिचे स्वप्न पाहिले तेव्हा भोवताली शेते होती. आज होसूर रस्त्यावर सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग आहे. तो २०१० च्या जानेवारीत खुला झाला. २०२५ च्या ऑगस्टात मेट्रोची पिवळी मार्गिकाही इथून बोम्मसंद्रापर्यंत धावू लागली. या पुलावरून जाणाऱ्याच्या हातात संगणक असतो. पुलाखालच्या सेवारस्त्याने जाणाऱ्याच्या हातात पाना, हातोडी आणि रंगाचा फवारा असतो. दोघांमध्ये अंतर एका पुलाच्या उंचीचे. पण एकाने दुसऱ्याकडे पाहण्याचा प्रसंग केवळ गाडीला पोचा पडला म्हणजेच येतो.

आपल्या भाषेनेही या अंतराची साक्ष ठेवली आहे. इंग्रजांच्या घरी 'गॅरेज' म्हणजे मोटार ठेवण्याची खोली. तिथे यजमान स्वतः हत्यारे मांडतो, मुलांना शिकवितो, गाडी खोलतो आणि पुन्हा जोडतो. मराठीत हा शब्द आला, तेव्हा त्याचा अर्थ पालटला. 'गाडी गॅरेजला टाकली' असे आपण म्हणतो, ते दुसऱ्या कोणाच्या तरी काळ्या हातांत सोपविली या अर्थाने. घरातील खोली गेली आणि परक्याची शेड राहिली. शब्दाचा हा प्रवास आमच्या मते साधा नाही. ज्या वर्गाने तो शब्द घेतला, त्या वर्गाला काम घरापासून दूर हवे होते, एवढे त्यावरून दिसते.

आता पहिला आक्षेप. सरकारी कारकुनाने हाताला रंग लावून घेणे अशोभनीय, असे म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे की, ही शोभा कोणी ठरविली? 'पांढरपेशा' हा शब्दच मोठा बोलका आहे. पांढरा वेश ज्याला मळू द्यायचा नाही तो पांढरपेशा. त्याच्या वेशावर डाग पडू नये म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी वेशावर पडावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. पण तो ते बोलून दाखवीत नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात जी शतपत्रे लिहिली, त्यांत आपल्या लोकांच्या आळसावर आणि उद्योगाविषयीच्या अनास्थेवर कोरडे ओढले. त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षे होत आली. तेवढ्यात आगगाडी आली, वीज आली, संगणक आला. पण हात मळण्याची लाज होती तेथेच आहे.

बंगळुरातील मराठी मंडळींना इतिहासाचा अभिमान पुष्कळ. १६३८ मध्ये हे गाव विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांकडे जहागीर म्हणून गेले, हे आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात एकमेकांना सांगतो. परंतु या गावाशी मराठी माणसाचे आणखी एक नाते आहे, ते मात्र भाषणांत फारसे येत नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना भारतात मोटारीचा कारखाना काढावयाचा होता. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही तशाच योजनेच्या मागे होते, आणि या विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. वालचंदांच्या खटपटीतून १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना निघाला; मोटारींसाठी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर आमच्या विषयाला अगदी लागून आहे. हा गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेला. तिथे त्याला कळले की आपली दृष्टी काही रंग ओळखू शकत नाही. तो रडत बसला नाही. यंत्रांच्या आराखड्यांकडे वळला, व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाला, आणि पुढे ती नोकरी सोडून बेळगावी सायकलीच्या दुकानात पाना हाती घेता झाला. त्यातून नांगर निघाला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ साली त्याच घराण्याने बंगळुरात विजेच्या यंत्रांचा कारखाना उभारला. ज्याला रंग दिसत नव्हते त्याने हात चालविले. आपल्याला सारे रंग दिसतात, आणि आपण वसाहतीच्या फलकावर सूचना लावतो!

रंगाच्या धंद्याचाही असाच दाखला आहे. आज ज्या एशियन पेंट्सचे डबे देशभर दिसतात, तिचा आरंभ १९४२ मध्ये मुंबईत गिरगावच्या गायवाडीत, एका गॅरेजमध्ये, चार मित्रांनी केला. तिचा तो खट्याळ मुलगा 'गट्टू' १९५४ मध्ये रा. कृ. लक्ष्मण यांनी काढला. आणि लक्ष्मण हे म्हैसूरचे. गिरगावच्या गॅरेजमध्ये रंग ढवळणाऱ्यांना त्या वेळी कोणी तरी अब्रूचा उपदेश केलाच असेल. त्यांनी तो ऐकला नाही, हे बरे झाले. असो. अब्रूचा मुद्दा इथेच सोडतो. त्याला याहून अधिक शाई घालणे हा त्याचा सन्मान होईल.

दुसरा आक्षेप हिशोबाचा आहे, आणि तो करणारे आमच्याच खात्यातील लेखापाल असल्यामुळे त्याला आकड्यांनीच उत्तर देणे प्राप्त आहे. ते म्हणतात, तुमच्या तासाचा दर काढा; त्या दराने रविवारचे तास गुणा; मग पाहा, रंगारी स्वस्त पडतो की नाही. या गणितात पहिली चूक अशी की रविवारच्या तासाला बाजारात गिऱ्हाईक नाही. सरकार आमचा रविवार विकत घेत नाही. तो आम्ही कुठे तरी घालवणारच. दूरचित्रवाणीपुढे घालविला तर त्याची किंमत शून्य, आणि गाडीच्या दारापाशी घालविला तर मात्र एकदम मोठी, हे कोणत्या लेखाशीर्षात बसते?

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. रंग म्हणजे डब्यातील द्रव, अशी या मंडळींची समजूत दिसते. ती मोटार विम्याच्या नियमांनीच खोटी पाडली आहे. विमा कंपनी दुरुस्तीचे पैसे देताना घसारा कापते, हे सर्वांना ठाऊक आहे. रंगकामाबाबत नियम असा की पन्नास टक्के घसारा केवळ सामग्रीच्या किमतीवर लावावा. आणि बिलात सामग्री व मजुरी वेगळी दाखविलेली नसेल, तर सामग्री एकूण रकमेच्या पंचवीस टक्के धरावी. म्हणजे ज्यांचा व्यवसायच पै-पैचा हिशोब करण्याचा आहे, त्यांनी कागदावर कबूल केले आहे की रंगकामातील तीन हिस्से हे माणसाच्या हाताचे असतात आणि एकच हिस्सा डब्याचा असतो.

ते तीन हिस्से कशात जातात, हे ज्याने स्वतः केले नाही त्याला कळत नाही. गाडी धुवावी लागते. मेणाचा आणि तेलाचा अंश उरला तर वरचा रंग धरत नाही. मग गंज पत्र्याच्या अंगापर्यंत खरवडावा लागतो. नुसता वरून रंग फासला, तर गंज त्याच्या आत वाढत राहतो आणि दोन पावसाळ्यांत फुगवटा येतो. खड्डा पुट्टीने भरावा लागतो; ती हार्डनर घालून कालविली की काही मिनिटांतच आवळते, तेवढ्यात ती ओढून सारखी करावयाची. मग जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत पायरी पायरीने घासणे. डोळ्याला जे सपाट दिसते ते तळहाताला सपाट लागत नाही. म्हणून डोळे मिटून हात फिरवावा लागतो. मग प्रायमर, पुन्हा घासणे, काचांना आणि रबरांना टेप व वर्तमानपत्रे लावून झाकणे, आणि त्यानंतर कुठे रंगाचा फवारा. एवढे सारे होऊन पत्र्यावर जे राहते त्याची जाडी कारखान्यातल्या गाडीवर सुमारे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा-सातवा भाग असते. एवढ्या पातळ कवचावर गाडीचे आयुष्य अवलंबून आहे. रंग हा गाडीचा शृंगार नव्हे. ते तिचे कातडे आहे.

आणि आयुष्याचा प्रश्न आम्हां बदलीवाल्यांना हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. गाडी एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तेथील नोंदणीक्रमांक घ्यावा लागतो. २०२१ मध्ये 'भारत' मालिकेचे क्रमांक निघाले तेव्हापासून केंद्रीय नोकरांच्या गाड्यांची ही यातायात पुष्कळ कमी झाली; परंतु जुन्या गाड्यांच्या मालकांनी ती भोगलेली आहे. अशा स्थितीत चांगल्या इंजिनाची गाडी केवळ दाराच्या तळाशी गंज चढला म्हणून भंगारात जावी, हा हिशोब कोणत्या लेखापालाला मान्य होईल? वाचकांपैकी कोणी आमचे अनुकरण करू पाहील, म्हणून कायद्याची बाजूही सांगून टाकतो. होता तोच रंग पुन्हा दिल्यास परवानगीचा प्रश्न येत नाही. रंग बदलावयाचा असेल, तर तो नोंदणीपत्रात नमूद असल्यामुळे आधी परिवहन कचेरीची संमती घ्यावी. आणि सैन्याच्या गाड्यांचा तो हिरवट ऑलिव्ह रंग मात्र नियमानेच आपल्याला वर्ज्य आहे; कितीही देशभक्ती उचंबळली तरी त्याच्या वाटेस जाऊ नये.

आता तिसरा आक्षेप, आणि खरा मुद्दा. मंडळाची सूचना म्हणते की वाहनतळात रंगाचा फवारा मारू नये. आम्ही स्पष्ट सांगतो: ही सूचना योग्य आहे. तीत जे कारण दिले आहे ते मात्र अपुरे आहे. सूचनेत 'दुर्गंधी' असा शब्द आहे. वास हा इथे शत्रू नव्हेच; तो तर बिचारा पहारेकरी आहे.

मोटारीच्या रंगाचा इतिहास हा घाईचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गाडीचा रंग वाळून हाती यायला आठवडे लागत. फोर्डची 'टी' गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्याच रंगात मिळे. १९२३ मध्ये ड्यू पाँ आणि जनरल मोटर्स यांनी 'ड्युको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग ओकलंड गाडीवर आणला, आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडील जुने रंगारी अजूनही फवाऱ्याच्या कामाला 'ड्युको' म्हणतात, ते त्यावरून. पुढे याहून टणक, उन्हापावसाला न भिणारे दोन भागांचे रंग आले. एक भाग रंग, दुसरा हार्डनर. दोन्ही मिसळले की आतल्या आत बांधणी होते आणि काचेसारखी चकाकी येते. बाजारात याला 'टू-के' म्हणतात. आजच्या चांगल्या कामात हाच वापरतात.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात ज्याने हजारोंचे प्राण घेतले तो मिथाइल आयसोसायनेट वेगळा. रंगातला पदार्थ तो नव्हे, आणि नावाच्या साम्यावरून घबराट पसरविणे आम्हांला करावयाचे नाही. परंतु रंगातल्याचाही स्वतःचा एक दुर्गुण आहे, आणि तो वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. फवाऱ्याच्या बारीक धुक्यातून तो फुप्फुसात गेला, की काही माणसांच्या शरीराला त्याचे वावडे जडते. एकदा ते जडले, की पुढे त्याचा अत्यल्प अंशही दम्याचा झटका आणावयास पुरतो. त्या माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. आणि अपाय होण्याइतका तो हवेत असला तरी त्याचा वास येईलच असे नाही. फवारा थांबल्यावर धुके दिसेनासे होते, तरी ते हवेत असते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा कागदी मुखवटा याला रोखू शकत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा आणि हवा खेचून गाळणारी बंद खोली, हाच त्यावरील उपाय.

थिनरची गोष्ट निराळी. त्यातील टोल्युइनसारख्या द्रवांची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवर साचते आणि उताराने खाली वाहते. टोल्युइनची वाफ सुमारे ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते, आणि बंगळुरात एवढी थंडी कधी पडत नाही. तळघरातील वाहनतळ, कोपऱ्यात कॉम्प्रेसरचे बटण, आणि भोवती पेट्रोलने भरलेल्या टाक्या: यांत काय होऊ शकते हे सांगावयास तज्ज्ञ नको. म्हणून आम्ही वाहनतळात घासकाम केले, पुट्टी भरली, टेप लावली. फवारा मारला नाही, आणि कोणी मारूही नये असे आमचे मत आहे.

इथवर आम्ही आणि मंडळ एकमताने आलो. पुढे मात्र आमची वाट वेगळी होते.

ज्या सभासदांनी या सूचनेवर मान डोलविली, त्यांच्या गाड्या रंगायला कोठे जातात? काहींच्या मोठ्या अधिकृत कार्यशाळांत जातात. तिथे फवाऱ्याची बंद खोली असते. परंतु विम्याची मुदत सरलेल्या, चार पैसे वाचविण्यासाठी काढलेल्या, 'एक बंपरच तर आहे' म्हणून निघालेल्या गाड्या कोठे जातात? त्या होसूर रस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातात. तिथे एक प्रौढ कारागीर असतो आणि विशी न गाठलेला एक मुलगा असतो. दोन बाजूंना पत्रा, तिसरीकडे ताडपत्री. तोच टू-के, तेच हार्डनर, तेच थिनर. मुलाच्या तोंडाला रुमाल. आणि आपण शेडपासून दहा पावलांवर, नाकाला हात लावून उभे राहून विचारतो, "संध्याकाळपर्यंत होईल ना? आणि काही कमी करा."

जे विष आपल्या वाहनतळात दर वर्षी एका दिवसाला सहन होत नाही, ते त्या मुलाच्या छातीला वर्षाचे तीनशे दिवस सहन होते, असे आपण कोणत्या आधारावर ठरविले? सुरक्षिततेचा आक्षेप प्रामाणिक असेल तर तो वसाहतीच्या फाटकाशी थांबू शकत नाही. फाटकाशी थांबतो तो आक्षेप सुरक्षिततेचा नव्हे. तो पुन्हा पहिलाच, अब्रूचाच आक्षेप, नवा वेश घालून आलेला.

कोणी म्हणतील, हे पाहणे सरकारचे काम आहे. आम्ही सरकारचेच नोकर आहोत, म्हणून कायद्याचा हात किती लांब पोचतो ते आम्हांला थोडेफार कळते. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रशक्ती वापरणारी जागा 'कारखाना' ठरण्यास दहा कामगार लागत. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने ही संख्या वीस केली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दोन माणसांची शेड पहिल्या मोजणीत कारखाना नव्हती आणि दुसऱ्या मोजणीतही नाही. तेव्हा तिथे कारखान्याचा निरीक्षक पोचेल ही आशा कोणी धरू नये. तिथे नियमाने पोचणारी एकच सुशिक्षित व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे गिऱ्हाईक.

मग गिऱ्हाइकाने काय करावे? आमचे म्हणणे अगदी थोडे आहे. घासणे, धुणे, पुट्टी, टेप, आणि शेवटची पॉलिश ही कामे ज्याला उरक आहे त्याने खुशाल घरी करावीत. पाण्याबरोबर घासले तर धूळ उडत नाही. राळ गटारात न सोडता जुन्या कापडात गाळून घ्यावी. उरलेले थिनर तर गटारात मुळीच ओतू नये. ज्या शहराच्या बेळ्ळंदूर तळ्याने २०१७ मध्ये पेट घेतला, त्या शहरात तरी हे सांगण्याची गरज पडू नये. दाराच्या कडेचे बोटभर ओरखडे एका भागाच्या, हार्डनर नसलेल्या रंगाने, उघड्यावर, कुंचल्याने बुजविता येतात. पावसाळी हवेत मात्र ते करू नये. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरते. आणि जिथे टू-केचा फवारा अटळ आहे, तिथे तो रंगाऱ्याच्या हातूनच व्हावा. परंतु त्याआधी आपण दोन प्रश्न विचारावेत. फवाऱ्याची खोली आहे काय? हवेच्या नळीचा मुखवटा आहे काय? नसेल तर जिथे आहे तिथे जावे. असेल तर त्याचे जे चार पैसे अधिक पडतील ते बिनतक्रार मोजावेत. घासकाम आपण घरी केले असेल, तर हे पैसे आपल्याच मजुरीतून निघतात. अशी ही बेरीज जमते. आमच्या लेखापाल मित्रांनी ती तपासून पाहावी.

वसाहतीच्या मंडळाकडेही आमची मागणी आहे. नुसती मनाई करून भागत नाही. ज्या मंडळाला दिवाळीच्या रोषणाईसाठी गच्ची आणि संगीताच्या कार्यक्रमासाठी हिरवळ देता येते, त्याला महिन्यातून एक रविवार उघड्यावरची एक जागा, एक नळ आणि सावलीचा एक तुकडा हाताने काम करू इच्छिणाऱ्यांसाठी देता येईल. वसाहतीतील मुलांना तिथे येऊ द्यावे. ज्या मुलांना चित्रपटातल्या मोटारींची नावे तोंडपाठ आहेत, त्यांना गंज कोठून सुरू होतो हे एकदा तरी बोटाने दाखवावे.

यात आणखी एक लाभ आहे, आणि तो परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांचाच आहे. आपली बदली होते, आपण तीन वर्षे किंवा पाच वर्षे एखाद्या गावी राहतो, आणि त्या गावची चार माणसेही ओळखल्यावाचून पुढच्या गावी जातो. कचेरीत इंग्रजी, घरी मराठी, रस्त्यावर मोडके हिंदी. कन्नड कानांवरून वाहून जाते. पुट्टी किती आवळली हे विचारावयाचे असेल, तर मात्र रंगाऱ्याशी बोलावे लागते. कारागीर कन्नड बोलतो, त्याचा जोडीदार दखनी, तिसरा तमिळ. आणि तिघेही, ज्याच्या नखांत पुट्टी आहे अशा गिऱ्हाइकाशी वेगळ्या सुरात बोलतात. ज्याने एक दार स्वतः घासले आहे तो संध्याकाळपर्यंत गाडी मागत नाही. तो घासाघीसही करीत नाही, कारण खरी घासाघीस काय असते हे त्याच्या खांद्यांना कळलेले असते.

आमच्या गाडीचा टप आणि डावे दार आता पूर्वीच्याच रंगाचे झाले आहे. घासकाम आमचे, फवारा अशा एका कार्यशाळेत मारून घेतला, जिथे कारागिराच्या तोंडावर नळीचा मुखवटा होता. शेडच्या दराहून पैसे अधिक पडले. ते आम्ही दिले, आणि या खर्चावर कोणत्याही लेखापरीक्षकाने आक्षेप घ्यावा, आम्ही उत्तर देण्यास सिद्ध आहोत. परंतु जे सभासद मनाईच्या सूचनेखाली सही करून त्याच आठवड्यात आपली गाडी ताडपत्रीच्या शेडमध्ये धाडतात, त्यांनी आधी त्या रुमालाखालच्या श्वासाचे उत्तर द्यावे. ते मिळेपर्यंत आमची बादली आणि आमचा वॉटर पेपर वाहनतळातच राहील.